‘व्हिसा नको, तिकीट काढा नि निघा’: या मेसेजवर विसंबून घर सोडू नका

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पेणपासून सावंतवाडीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘भारतीय पासपोर्टवर साठ देश व्हिसाशिवाय! थायलंड, मलेशिया, बाली, व्हिएतनाम, नेपाळ... तिकीट काढा नि निघा.’ खाली चार-पाच सल्लेही असतात. मेसेज कधीचा आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्यातलं एकेक विधान तपासायलाच हवं, कारण चूक झाली तर गोव्याच्या मोपा किंवा मुंबईच्या सहार विमानतळाच्या काउंटरवरून बायकापोरांसह माघारी फिरावं लागतं आणि तिकिटाचे पैसेही बुडतात.

‘साठ देशांना व्हिसा लागत नाही.’ या यादीत तीन वेगळ्या गोष्टी कालवल्या आहेत. काही देशांनी व्हिसा माफ केलाय, काही ठिकाणी उतरल्यावर पैसे भरून मिळतो, तर काही देशांची परवानगी घरूनच ऑनलाइन काढावी लागते. व्हिएतनाम तिसऱ्या गटातलं: आधी ई-व्हिसा, एका प्रवेशाचे 25 डॉलर. बाली दुसऱ्या गटातलं: विमानतळावर 5 लाख रुपिया (हे इंडोनेशियाचं चलन), शिवाय 14 फेब्रुवारी 2024 पासून बेटाचा दीड लाख रुपियांचा वेगळा पर्यटक कर.

व्हिसा माफ असला तरी फॉर्म चुकत नाही. थायलंडने 1 मे 2025 पासून ऑनलाइन आगमन कार्ड सक्तीचं केलं आणि मलेशियाचंही तसंच कार्ड आहे. दोन्ही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची आणि दोन्ही फुकट. इथेच लोक फसतात. गुगलवर शोधलं की वरच पैसे मागणाऱ्या साइट येतात. पत्त्याच्या शेवटी थायलंडसाठी ‘डॉट गो डॉट टीएच’ आणि मलेशियासाठी ‘डॉट गव्ह डॉट एमवाय’ दिसत नसेल तर ती साइट बंद करा. पासपोर्ट नंबर पुस्तिका समोर ठेवूनच टाका. आपल्याकडे पहिलं एक अक्षर आणि पुढे सात आकडे असतात, म्हणजे पुढे गोल दिसतं ते शून्यच, ‘ओ’ नव्हे.

व्हिसामाफीची मुदतही बदलत राहते. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये 30 दिवस दिले आणि जुलै 2024 मध्ये 60 केले. मलेशियाची सवलत जाहीर झाली ती 31 डिसेंबर 2026 पर्यंतच. म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीचं पान स्वतः उघडून बघा.

‘पासपोर्ट संपायच्या आत परत आलात की झालं.’ हे साफ चूक. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया या तिन्ही ठिकाणी पोचल्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते. 1 नोव्हेंबरला निघालात आणि पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय, तर चेक-इनलाच अडवतील. अडवणारा माणूस आडमुठा नसतो. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होतो, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही तिथेच मागतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण मुलांचा पाचच वर्षांचा, आणि नेमका तोच बघायचा राहतो. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून नव्यासाठी अर्ज करता येतो.

‘नेपाळ-भूतानला आधार चालतं.’ सरसकट नाही. विमानाने नेपाळला जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधारची सवलत 15 वर्षांखालच्यांना आणि 65 च्या वरच्यांना आहे. भूतानला परमिट लागतं आणि भारतीयांना माणशी दर रात्री 1200 रुपये विकास शुल्क पडतं.

‘युरोपात ज्या देशाचा व्हिसा पटकन मिळतो त्याचा काढा, मग कुठेही फिरा.’ या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा एकच असला तरी अर्ज कुठे करायचा हे नियमाने ठरलेलं आहे: सगळ्यात जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे. रात्री समान असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. सात रात्री स्वित्झर्लंड आणि तीन रात्री पॅरिस असं असेल तर अर्ज स्वित्झर्लंडकडेच. फी 90 युरो, विमा किमान 30 हजार युरोंचा, पासपोर्टात दोन कोरी पानं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी तरी हवाच.

या अर्जात आपल्याकडची खरी अडचण उत्पन्नाच्या कागदांची. बागायतदाराचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे बऱ्याच जणांकडे रिटर्न नसतं, आणि खात्यात पैसे येतात ते आंब्याच्या हंगामातच. मग कोणीतरी सांगतं, भावाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाक. अर्जाच्या आठवडाभर आधी आलेली ही रक्कम स्टेटमेंटवर ठळक दिसते आणि शंका तिथेच सुरू होते. त्यापेक्षा सातबारा, वाशी मार्केटच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) आणि त्या पट्ट्यांशी जुळणाऱ्या बँकेतल्या नोंदी द्या. सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं असतील तर आपला हिस्सा किती ते लिहून द्या. सोबत सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा.

शेंगेनसाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः व्हिसा केंद्रावर जावं लागतं, बहुतेकदा मुंबईला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात. सकाळची अपॉइंटमेंट असेल तर त्याच पहाटेच्या गाडीवर भरवसा नको, आदल्या दिवशीच पोचा.

‘दुबईला टुरिस्ट व्हिसावर जा, नोकरी तिथे मिळते.’ मंडणगड, दापोली, रत्नागिरीच्या पोरांनी हे नीट वाचावं. टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे. पगार थकला, मार लागला, तरी तक्रार करायला हातात करार नसतो. पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ असा शेरा असेल तर आखातात नोकरीला जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी लागते. दहावी पास असूनही हा शेरा पडला असेल, तर दहावीचा दाखला जोडून पासपोर्ट नव्याने काढता येतो. आणखी एक: पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाची जागा रिकामी असेल, तर नोव्हेंबर 2022 पासून अमिरातीच्या पर्यटक व्हिसाला अडचण येते. आपल्याकडच्या वयस्क बायकांच्या पासपोर्टांवर असं बरेचदा असतं, तेव्हा तिकिटाआधी ते पान उघडून बघा.

परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटाला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो ई-मायग्रेटवर स्वतः शोधा. नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढीच फी घेता येते, आणि तीही पावती देऊन. दीड लाख रोख मागणाऱ्याला पासपोर्ट हातात देऊ नका.