सिबिल नवऱ्याचं, हप्ता बायकोचा, अन् घर कोणाचं?

आमच्या तालुक्याच्या गावाभोवती सध्या लेआउटच लेआउट पडून राहिले, काल जिथं तूर उभी होती तिथं आज चुन्याच्या फक्क्या अन् 'एनए प्लॉट विकणे आहे'चा बोर्ड. त्याच्यापायी माझ्या सेतू केंद्रात एक नवीनच गर्दी सुरू झाली. पीक विमा, फार्मर आयडी, उत्पन्नाचा दाखला हे तं चालूच असते, पण आता नवरा-बायको जोडीनं येतात अन् बाई दारातच उभी राहते, माणूस हळूच म्हणते, भाऊ, जरा सिबिल काढून द्या ना. सिबिल म्हणजे आधीचं कर्ज कसं फेडलं त्याचा रिपोर्ट अन् त्याच्यावरून पडलेला स्कोअर, जास्त तेवढा चांगला.

जोडी बहुतेक एकाच साच्यातली. ती झेडपीच्या शाळेत मॅडम नाहीतर उपकेंद्रावर सिस्टर, पगार खात्यात येते, स्कोअर ७७० च्या आसपास. तो शेतकरी, पाचेक एकर, कापूस अन् सोयाबीन, स्कोअर ५८०. दोघांच्या नावानं होम लोनची फाइल टाकली अन् बँकेनं वापस केली. मग घरी जे काही झालं असेल ते झालं असेल.

आता पहिले एक सांगतो, ५८० स्कोअर म्हणजे माणूस बदमाश असं नसते. इतर कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होते, म्हणजे बँक ते थकीत खात्यात टाकते, कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाले दोन हंगाम. दोन हंगाम ऐकायले लय वाटते, पण एका वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला अन् पुढच्या वर्षी सोयाबीन हमीभावाच्या खाली इकावं लागलं की झाले दोन हंगाम, त्याच्यात जुगार नाही, दारू नाही, काही नाही. दुसरं म्हणजे जामीनदारी. चुलतभावाच्या ट्रॅक्टरले सही केली, भावानं हप्ते भरले नाही, तं ते कर्ज याच्या पण रिपोर्टमधी दिसते. सही करताना चहा पाजला होता तेवढाच काय तो फायदा.

पण खरं बोलायचं तं काही लोकांनी पैसे असून भरले नाही, हे पण आहेच. २०१७ मधी दीड लाखाची माफी, २०१९ मधी दोन लाखाची, ज्यानं वेळेवर भरलं तोच येडा ठरला, मग गावात एकच सल्ला, भरू नको, माफ होते. ऑक्टोबर २०२५ मधी नागपूरच्या हायवेवर आंदोलन झालं तेव्हा पुन्हा माफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ची तारीख भेटली. शेतकऱ्याले माफी मिळालीच पाह्यजे या मताचा मी आहे, पण माफीची वाट पाहता पाहता रिपोर्टमधला रकाना भरतच जाते, १ जानेवारी २०२५ पासून तं बँकायले निदान दर १५ दिवसाले माहिती पाठवा लागते. अन् सरकारनं बँकांना बजावलं ना सिबिल मागू नका म्हणून, असं जे सांगत फिरतात त्यायले सांगा, ते पीक कर्जापुरतं आहे, घराच्या कर्जाले ते चालत नाही.

आता माझं मत, राग आला तं आला. लग्न झालं म्हणून सिबिल एक होत नाही. तिचं तिच्या पॅनवर, त्याचं त्याच्या पॅनवर. फाइलवर दोन नावं टाकली की बँक दोन्ही पाहते अन् खराबवाल्यावर बोट ठेवते. अन् गंमत अशी की नवऱ्याचं नाव टाकून भेटते काय? शेतीचं उत्पन्न बँक धड मोजत नाही, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलेलं नसते, म्हणजे याच्या नावानं फाइलमधी येते फक्त याचा स्कोअर! तिचा पगार ४५ हजार असला अन् दुसरं कर्ज नसलं तं २० लाखाचा हप्ता, २० वर्षं, साडेआठ टक्क्यानं, साडेसतरा हजाराच्या आत बसते. तिच्या एकटीच्या नावावर आरामात जमण्यासारखं काम आहे ते. मी हे बोललो की माणूस छताकडे पाहते. मग म्हणते, "पण भाऊ, मंग घर तिच्याच नावानं करा लागते का?"

हो. करा लागते. घराच्या मालकीत ज्याचं ज्याचं नाव आहे त्या सगळ्यायले बँक बहुतेक कर्जदार म्हणून घेतेच, म्हणून प्लॉटची रजिस्ट्री दोघांच्या नावानं झाली की तुमचा स्कोअर मागच्या दारानं आत आलाच. सिबिल इसाराच्या आधी पाहा, रजिस्ट्रीनंतर पाहून रडण्यात अर्थ नाही. अन् बँकेनं नवऱ्याले जामीनदार म्हणून मागितलं तं तिथंही स्कोअर निघते, हे फाइल टाकायच्या आधीच इचारून घ्या.

याच्या उलटं जे चालते ते तं लयच वंगाळ. पगार सुनेचा, हप्ता सुनेच्या खात्यातून, अन् प्लॉट सासऱ्याच्या नावानं. तिले को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार, म्हणून सहीले बसवतात, मालकीत नाव नाही. को-ॲप्लिकंट म्हणजे पूर्ण कर्जाची जबाबदारी बाप्पा, अर्ध्याची नाही. उद्या काही झालं तं बँक तिच्यामागं अन् घर दुसऱ्याचं. अशी फाइल घेऊन आले की मी त्या बाईले बाजूले बोलावून सांगतो, दोन गिऱ्हाइकं तुटले त्याच्यापायी, तुटू द्या.

बाईच्या नावानं घर म्हणजे कलियुग आलं असं ज्यायले वाटते, त्यायनं घरकुलाची यादी पाहावी. पंतप्रधान आवासमधी घर बहुतेक बाईच्या नाहीतर दोघांच्या नावानं मंजूर होते, तेव्हा कोणाची मान खाली जात नाही. अन् शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे बिल्ले छातीवर लावून फिरलेले बुढे अजून आहेत ना गावात, त्यायले इचारा लक्ष्मीमुक्ती काय होती. बायकोच्या नावानं जमीन करून देणारे शेतकरीच होते, पस्तीसेक वर्षापूर्वी. नातू आता मले म्हणते, लोक काय म्हणतील.

बाईसाठी पण बोलतो. एकटीच्या नावानं कर्ज म्हणजे सगळा भार तिच्या डोक्यावर. हप्ता तिच्या पगारातून गेला तं किराणा, पोरायची फी, दवाखाना कापसाच्या पैशातून झालं पाह्यजे, हे आधी बोलून घ्या. ३० लाखापर्यंतच्या कर्जाले बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते, उरलेलं अन् रजिस्ट्रीचा खर्च नवऱ्यानं उचलावा, तिथं त्याले पाह्यजे तेवढी मर्दानगी दाखवता येते. अन् मॅडम, तुमचं सिबिल चांगलंच असेल हे धरून चालू नका, बचत गटातल्या बाईसाठी मायक्रोफायनान्सचं कर्ज तुमच्या नावानं उचललं असेल तं ते पण दिसते.

नवऱ्यानं स्वतःचं खातं सुधारायचं सोडू नये. तडजोड करून कमी पैशात मिटवलं तं रिपोर्टवर 'सेटल्ड' येते, बँकेले ते आवडत नाही, जमलं तं पूर्ण भरून नो ड्यूजचा, म्हणजे काही बाकी नाही असा, दाखला घ्या. भरूनही थकीत दाखवत असेल तं बँकेकडे नाहीतर सिबिलकडे तक्रार टाका, ३० दिवसात निकाल लागला नाही तं पुढं दिवसाले १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट भेटते, सिबिल धरून असे रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांचा, माझ्याकडे फक्त प्रिंटचे पैसे. येताना पॅन आणा अन् ज्या नंबरवर ओटीपी येते तो मोबाइल आणा, पोराकडे पुण्याले ठेवून येऊ नका. मंगळवारी बाजार असते, त्या दिवशी नका येऊ.