टाइमशेअर म्हणजे दुसरं घर नव्हे, वजावट मागू नका

महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टचं टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी काही दिवस तिथे राहायचा हक्क, घेतलेल्या सातारकरांमध्ये एक मेसेज फिरतोय: 'टाइमशेअर हे कायद्याने दुसरं घर. हप्त्यांवरचं व्याज आणि वर्षाचा मेंटेनन्स आयकरातून वजा होतो. नोकरदारांनी एलटीएत (रजा प्रवास भत्त्यात) टाका, दुकानदारांनी धंद्याच्या खर्चात.' निवृत्त शिक्षकांपासून व्यापाऱ्यांपर्यंत लोक यावर विसंबून विवरणपत्र भरायला निघालेत. त्यांना भुर्दंड बसेल, म्हणून हे लिहितोय.

'दुसरं घर' हाच सगळ्याचा पाया, आणि तोच कच्चा आहे. 1961च्या आयकर कायद्याच्या कलम 24 मध्ये स्वतः राहण्याच्या घराच्या कर्जावर वर्षाला 2 लाखांपर्यंत व्याज वजा मिळतं. अशी दोन घरं धरता येतात, त्यावरूनच हा समज पसरला असावा. पण ही वजावट घराच्या मालकाची. आपल्याकडचं टाइमशेअर बहुतेक वेळा ठरावीक वर्षांचं सभासदत्व असतं. वर्षातले काही दिवस राहायचा हक्क मिळतो, खोली नावावर होत नाही. करारनामा काढा आणि पाहा: दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं खरेदीखत आहे का? मिळकत पत्रिकेवर तुमचं नाव लागलंय का? नसेल, तर व्याज नाही, कलम 80सीखाली कर्जाच्या मुद्दलाची वजावट नाही, आणि राहतं घर विकून झालेला नफा यात घालून कलम 54ची सूटही नाही. शिवाय 2023-24 पासून जी नवी करप्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात खऱ्याखुऱ्या राहत्या घराचं व्याजसुद्धा वजा होत नाही.

अमेरिकेत खरेदीखताने घेतलेल्या टाइमशेअरवर मालमत्ता कर आणि तारण कर्जाचं व्याज काही अटींवर वजा होतं. तिकडचा सल्ला इकडे चिकटवला गेला असेल, तर एवढं ध्यानात घ्या: स्वतःच्या सुट्टीसाठी भरलेला मेंटेनन्स तिथेही वजा होत नाही.

आपल्याकडे तर घर भाड्याने देणाऱ्या मालकालाही मेंटेनन्स वेगळा मागता येत नाही. कर्जाचं व्याज सोडलं, तर त्याला भरलेली घरपट्टी आणि उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के, एवढंच. टाइमशेअरचा वार्षिक आकार हा घरखर्च आहे. त्यावरच्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिटही (धंद्याच्या जीएसटीतून तो वळता करून घेणं) खासगी वापरासाठी मिळत नाही.

एलटीएत फक्त प्रवासभाडं येतं. मुक्काम येत नाही.

धंद्याच्या खर्चाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. कलम 37 प्रमाणे खर्च पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला लागतो. कुटुंबाची सहल दुकानाच्या वहीत लिहिली म्हणून धंद्याची होत नाही. मालकाने कर्मचाऱ्यांना खरोखर तिथे पाठवलं, तर मुद्दा वेगळा, पण मग त्या सुट्टीचं मूल्य कर्मचाऱ्याच्या पगारात धरलं जातं. मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र खरी आहे: तुमचे दिवस दुसऱ्याला पैसे घेऊन दिले, तर ते उत्पन्न दाखवावं लागतं आणि निव्वळ त्यासाठी झालेला खर्च त्यातून मागता येतो.

1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण टाइमशेअर घर झालेलं नाही. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरच्या कराच्या 200 टक्क्यांपर्यंत दंड होतो. मागच्या वर्षी अशी वजावट घेतली असेल, तर नोटिशीची वाट न पाहता करसल्लागाराकडून अद्ययावत विवरणपत्र भरून घ्या. कर आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षापुढचं वर्ष) संपल्यापासून पहिल्या 12 महिन्यांत भरलं तर कर आणि व्याजावर 25 टक्के जादा पडतात. पुढे हा आकडा वाढत जातो.