चिलिका, डॉल्फिन आणि शेठची घेरी

बापूने ओडिशातल्या चिलिका सरोवरातल्या घेरी, म्हणजे कोळंबीसाठी बांबू-जाळीने घातलेली कुंपणं, पाडण्याची बातमी वाचली आणि शेठ भडकला. तिथल्या साटपाड्याला बोटीत बसून आल्यापासून त्या सरोवराचा सातबारा त्याच्याच नावावर आहे.

"अरे, कोळंबीने डॉलर येतात! चार बांबू ठोकून जाळी लावली तर बिघडलं काय? आणि आमच्या बोटवाल्याने डॉल्फिनमागे अशी बोट पळवली, अशी पळवली... पैसे वसूल!"

"श्वास घ्यायला वर येणाऱ्या जिवाच्या डोक्यावर बोटीचा पंखा फिरवून आलास," मास्तर म्हणाले. "इरावडी डॉल्फिन तिथे उरलेत १५०च्या आसपास."

"पण चिलिका १९८१पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे ना?" बापू.

"यादीने पाणी वाहत नाही, बापू. समुद्राकडचं मुख गाळाने बुजलं, पाणी गोडं पडलं, पाणवनस्पती माजल्या, मासळी आटली. १९९३ला रामसरच्याच धोक्याच्या नोंदीत नाव गेलं. २०००मध्ये नवं मुख खोदलं, तेव्हा खारं पाणी आत आलं आणि मासळीही परतली. २००२ला नाव निघालं. आता पुन्हा बांबू ठोका, प्रवाह अडवा, बारीक जाळीत पिल्लंसुद्धा उपसा!"

"मग कोर्ट झोपलंय का?"

"सर्वोच्च न्यायालयाने १९९६लाच सांगितलंय, चिलिकाच्या १००० मीटरच्या आत कोळंबीशेती नको. अंमल कोण करणार? तिथल्या मच्छीमारांनी स्वतः घेरी तोडल्या, तर १९९९ला काठच्या सोराना गावात पोलिसांच्या गोळीबारात चौघे गेले."

यावर तरी गप्प बसेल तो शेठ कसला! "तुझे मच्छीमारच पक्षी मारून विकतात!"

"काठच्या मंगलाजोडी गावात मारत होते. त्यांच्यातलेच कितीतरी जण आता राखण करतात. बांबूने नाव ढकलत पाहुण्यांना पक्षी दाखवतात, इंजिनाचा आवाजही नाही."

मला मास्तरांचं शंभर टक्के पटतं. हिवाळ्यात लाखो पक्षी उतरतात त्या पाण्याला त्याच्यावर पोट असलेली माणसंच वाचवतील, बाहेरून पैसा लावणारे नाहीत.

"तुम्ही सगळे विकासाचे शत्रू!" शेठ उठला.

"बस रे," बापू म्हणाला. "आधी पार्किंगमध्ये कुंड्या मांडून घेरी घातलीयस ती काढ. दोन वर्षं माझी स्कूटर रस्त्यावर भिजतेय."

"त्या कुंड्या माझ्या नाहीत, बायकोच्या आहेत!"

"बरोबर," मास्तर म्हणाले. "तिथेही घेरी दुसऱ्याच्याच नावावर असते."

बापू हसता हसता कट्ट्यावरून घसरला, आणि शेठलाही हसू आवरेना.