भारतावर दावा लावणारे टोनी डीब्रम

एप्रिल २०१४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या देशानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. आपल्याकडे ही बातमी आली तशी गेली. मला मात्र तो दावा आणि तो लावणारा माणूस, दोघांबद्दल मनापासून आदर वाटतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

देश म्हणजे मार्शल बेटं. २९ कंकणाकृती प्रवाळबेटं आणि ५ सुटी बेटं, सगळी मिळून जमीन १८१ चौरस किलोमीटर. माणसं तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास. बहुतेक जमीन समुद्रापेक्षा जेमतेम दोन मीटर उंच. आणि परराष्ट्रमंत्री होते टोनी डीब्रम.

१ मार्च १९५४ च्या पहाटे नऊ वर्षांचा टोनी लिकिएप बेटाजवळ आजोबांबरोबर मासे धरत होता. तिथून सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, बिकिनी बेटावर, अमेरिकेनं ‘ब्राव्हो’ नावाचा हायड्रोजन बॉम्ब उडवला. १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या हजारपट. आधी डोळे दिपवणारा उजेड, मग आवाज, मग सगळं आभाळ लालभडक. काचेच्या भांड्यात आपण बसलोय आणि वरून कुणी रक्त ओततंय असं वाटलं, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली आणि पोरं त्या राखेत खेळली. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं तिथे एकूण ६७ अणुस्फोट केले. ही बेटं १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेकडे विश्वस्त म्हणून सोपवलेली होती. विश्वस्त!

ब्राव्होनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत मागणी केली की अण्वस्त्रबंदीचा करार होईल तेव्हा होवो, पण स्फोट तरी आधी थांबवा. २० एप्रिलला मार्शलच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. त्यांचंही म्हणणं तेच: स्फोट थांबवा. दोघांचंही कुणी ऐकलं नाही. पण त्या महिन्यात दिल्ली आणि ती बेटं एकाच बाजूला उभी होती. आपल्या परराष्ट्र धोरणाचा हा माझ्या मते सर्वांत अभिमानाचा काळ.

डीब्रम कॉलेजात जाऊन पदवी घेणाऱ्या पहिल्या काही मार्शली लोकांपैकी. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत ते तरुणपणापासून होते. १९७९ मध्ये स्वतःचं सरकार आलं तेव्हा परराष्ट्रमंत्री झाले, ते १९८७ पर्यंत. पुन्हा २००८-०९ मध्ये, पुन्हा २०१४ ते २०१६. मधल्या काळात आरोग्य, अर्थ अशी खाती. या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याची अडचण समजून घ्यायला हवी. १९८६ च्या करारानुसार देशाचं संरक्षण अमेरिकेकडे, सरकारी खर्चाचा मोठा भाग अमेरिकेच्या पैशातून, आणि ज्या क्वाजालीनमधून डीब्रम संसदेवर निवडून यायचे तिथे अमेरिकेचा क्षेपणास्त्र चाचणीचा तळ. अणुस्फोटांची भरपाई म्हणून त्याच करारात १५ कोटी डॉलर मिळाले आणि त्या बदल्यात कोर्टातले दावे सोडून द्यावे लागले. पुढे भरपाईसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणानं दोन अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मंजूर केली. तिचा बहुतेक भाग कधी मिळालाच नाही.

अशा देशाचा मंत्री अमेरिकेसकट नऊ अण्वस्त्रधारी देशांवर दावा लावतो आणि त्यात एक डॉलरही मागत नाही. मागणी एवढीच, की निःशस्त्रीकरणाची बोलणी प्रामाणिकपणे करायचं तुमचं कर्तव्य आहे, ते करा. नऊपैकी या न्यायालयाचं बंधन आधीपासून मान्य केलेले देश तीनच: ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. म्हणून सुनावणी तिघांचीच झाली. बाकीचे सहा देश त्या दालनात आलेच नाहीत.

आपल्या बाजूनं सांगितलं गेलं की हे न्यायालयाच्या अधिकारात येत नाही, आणि भारत तर निःशस्त्रीकरणाचा पुरस्कर्ता आहे, मग वाद आहेच कुठे? ५ ऑक्टोबर २०१६ ला निकाल लागला. दावा लावला तेव्हा दोन्ही पक्षांत कायद्याच्या अर्थानं ‘वाद’च नव्हता, असं म्हणून न्यायालयानं तिन्ही प्रकरणं फेटाळली. भारताच्या बाबतीत ९ विरुद्ध ७. ब्रिटनच्या बाबतीत ८-८, मग अध्यक्षांच्या निर्णायक मतावर. सुनावणी मूळ प्रश्नापर्यंत पोचलीच नाही.

आपल्या वकिलांनी त्यांचं काम चोख केलं. चीन आणि पाकिस्तान शेजारी असताना एकट्या भारतानं अण्वस्त्रं टाकून द्यावीत, असंही मी म्हणत नाही. पण दावा बोलणी करण्याचा होता, शस्त्रं टाकण्याचा नव्हता. १९८८ मध्ये राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत टप्प्याटप्प्यानं निःशस्त्रीकरणाचा आराखडा मांडला, आणि आजही आपण तीच भूमिका असल्याचं सांगतो. मग अधिकारक्षेत्राच्या आड न जाता, ‘आम्ही बोलणीला तयार आहोत, त्या सहांनाही आणा’ असं हेगमध्ये ठणकावून सांगायला काय हरकत होती? ज्या बेटांची राख बघून आपला पंतप्रधान लोकसभेत बोलला होता, त्याच बेटांचा माणूस समोर उभा होता. ही संधी आपण घालवली याचं मला खरंच वाईट वाटतं.

या माणसाची दुसरी लढाईही आपल्या जवळची आहे. जेएनपीए बंदरात किंवा मुंबईच्या गोदीत लागलेल्या कितीतरी जहाजांच्या मागच्या बाजूला ‘माजुरो’ लिहिलेलं असतं. ती मार्शल बेटांची राजधानी, म्हणजे जहाजाची नोंदणी तिथली. जहाजनोंदणीत हा देश जगातल्या पहिल्या काहींत मोडतो, आणि त्या झेंड्याखाली काम करणाऱ्यांत आपली कोकणातली मुलंही आहेत. नोंदणीचं कामकाज मात्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून एक खासगी कंपनी बघते. २०१५ मध्ये डीब्रम स्वतः लंडनला, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या बैठकीत गेले आणि जहाजांच्या धुरावर मर्यादा घाला म्हणाले. ज्या धंद्यातून देशाला उत्पन्न मिळतं, त्याच धंद्याला शिस्त लावा म्हणायला छाती लागते. तेव्हा कुणी मानलं नाही. २०१८ मध्ये त्याच संघटनेनं २०५० पर्यंत उत्सर्जन निदान निम्म्यावर आणायचं ठरवलं.

आणि पॅरिस. २०१५ च्या हवामान करारात तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचे प्रयत्न करण्याचं कलम आलं, त्यामागे डीब्रम यांनी महिनोन्‌महिने जमवलेली आघाडी होती. शेवटी शंभरावर देश तीत आले, अमेरिका आणि युरोपीय संघसुद्धा. भारत नव्हता. ज्यांनी आधी धूर सोडला त्यांनी आधी भार उचलावा, हे आपलं म्हणणं मला पटतं. पण दोन मीटर उंचीच्या बेटावर राहणाऱ्याला दोन अंश आणि दीड अंश यांतला फरक म्हणजे राहणं की उठून जाणं, हेही तितकंच खरं.

हे सगळं चाललेलं असताना, पॅरिसच्या आधी काही दिवस, नोव्हेंबरमध्ये ते आपल्याच देशातली निवडणूक हरले होते! तरी परिषद संपेपर्यंत काम करत राहिले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी माजुरोमध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी ते गेले. महिन्याभरानं, २० सप्टेंबरला, न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रबंदी करारावर सह्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी सही करणाऱ्यांत भारत नव्हता, आणि मार्शल बेटंही नव्हती.