‘साबणाने घासा आणि लगेच मासे सोडा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

शाळांना सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘जुनी फिश टँक दहा मिनिटांत नवीकोरी’. त्यात सांगितलेलं थोडक्यात असं. टाकी भांड्यांच्या साबणाने घासा. पांढरे डाग राहिले तर ब्लिचिंग पावडर आणि व्हिनेगर एकत्र करून लावा. नळाचं पाणी भरा, मूठभर मीठ टाका, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं की मासे सोडा. पुढे दर आठवड्याला सगळं पाणी फेकून टाकी परत धुवा.

मी बरीच वर्षं मासे पाळतोय. यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने मासे मरतात, आणि एका वाक्याने तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. आधी तेच घेतो.

ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावात ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, आणि व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. टाकी धुतली जाते ती बहुतेक घरांत मोरीत किंवा बाथरूममध्ये, दार लोटून, आणि शेजारी पोरं कौतुकाने बघत बसलेली असतात. हे मिश्रण कधीही करू नका. पांढरे डाग हे आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. कूलरच्या जाळीवर जे पापुद्रे धरतात तेच. त्यांना नुसतं व्हिनेगर पुरतं. फडकं भिजवून अर्धा तास डागावर चिकटवून ठेवा, मग घासा आणि धुवा. जुन्या टाकीत आजारी मासे मेले असतील तरच ब्लीच वापरा. वास नसलेलं साधं ब्लीच, वीस भाग पाण्याला एक भाग, दहा-पंधरा मिनिटं. मग चार-पाच पाण्यांनी खळखळून धुऊन टाकी उन्हात कोरडी होऊ द्या. व्हिनेगर त्या दिवशी कपाटातच राहू द्या.

आता साबण. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली तेव्हा भाचीने हट्टाने टाकी आणली. मी कामावर होतो. मेसेजमध्ये लिहिलंय म्हणून घरच्यांनी ती भांड्यांच्या पावडरीने घासली, तीन वेळा धुतली, वास घेऊन पाहिला. वास नव्हता. संध्याकाळी मी घरी पोचलो तर भाची दारातच: “मामा, मासा पोट वर करीसन पडेल शे.” टाकीजवळ गेलो. एअर पंपाचे बुडबुडे वर येऊन फुटत नव्हते, कोपऱ्यात पांढरा फेस धरून बसले होते. साध्या पाण्यात बुडबुडा लगेच फुटतो. फेस टिकला की साबण आहे हे समजा. साबण काचेवरून निघतो, पण टाकीच्या सांध्यातल्या सिलिकॉनला आणि खड्यांना धरून राहतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याने जातो, कल्ल्यांची नाजूक कातडी खराब होते, आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. टाकीला गरम-कोमट पाणी, जाडं मीठ आणि नवा स्पंज एवढं पुरे. स्पंज नवाच हवा, भांड्यांचा नको. आणि उकळतं पाणी काचेवर ओतू नका, तडा जातो.

‘नळाचं पाणी भरा’ हे अर्धवट आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्यासाठी तो चांगला, कल्ल्यांसाठी विष. पसरट भांड्यात, उघड्यावर, एअर पंप लावून पाणी दिवसभर ठेवलं तर तो उडून जातो. पण आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरलेलं असतं, आणि तिथून क्लोरीन सहज जात नाही. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या मापाने घाला. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हात लावू देत नाही. ते भरायचं असेल तर पहाटे. मिठाने क्लोरीनही जात नाही आणि अमोनियाही जात नाही, मग ती मूठ कशासाठी?

खरा घात ‘पाणी स्वच्छ दिसलं की मासे सोडा’ या वाक्यात आहे, कारण ते सगळ्यांना पटतं. माशाच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही. मुरलेल्या टाकीत एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नव्या चकचकीत टाकीत ते नसतातच.

आपल्या खान्देशात हे जास्त महाग पडतं. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, त्या जड पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप) बहुधा ७ च्या वर असतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांवर जातो, आणि पाणी ३० अंशांवर गेलं तर साडेसात टक्क्यांवर. म्हणजे तेवढंच खाद्य, तेवढेच मासे, आणि विष दहा-पंधरा पट. त्यात २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम सात. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा. भुसावळच्या मे महिन्यात, कालच भरलेल्या टाकीत त्याला सोडणं हा त्या मुक्या जिवावर अन्याय आहे.

म्हणून टाकी आधी पाणी भरून, मासे न सोडता चालवा. फिल्टर चालू, रोज चिमूटभर खाद्य, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. ओळखीच्या कुणाची निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळा, पाणी गढूळ झालं तरी चालेल. टेस्ट किटवर (पाण्यातलं प्रमाण रंगावरून दाखवतं ते) अमोनिया आणि नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्य दिसले की मग मासे, तेही दोन-तीनच. पिशवी वीस मिनिटं तरंगू द्या, थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला, मग मासा जाळीने उचला. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

खडे टाकण्याआधी त्यांच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. गिरणेच्या पात्रातला काळा दगड गप्प बसतो. पांढऱ्या शिरा असतील तर त्या फसफसू शकतात. फसफसला तो दगड बाहेर, आपलं पाणी आधीच जड आहे.

दर आठवड्याला सगळं पाणी फेकणं म्हणजे बसलेली वस्ती उठवणं. पाव भाग बदला, आणि स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा.

भाचीची टाकी आम्ही परत लावली. खडे फेकून दिले, काच मिठाने घासली, आणि माझ्या टाकीतला स्पंज तिने स्वतःच्या हाताने पिळला. पाच आठवडे ती रोज किटमधल्या नळीतला रंग बघून वहीत लिहीत होती: हिरवा, हिरवा, फिका, पिवळा. हिरवा म्हणजे अमोनिया आहे, पिवळा म्हणजे शून्य. शाळा उघडायच्या आदल्या रविवारी तीन गप्पी सोडले. जड पाणी त्यांना मानवतं. सोमवारी सकाळी बॅग भरायच्या आधी ती टाकीपाशी जाऊन बसली. बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते.