घरबसल्या महायुद्ध पेटवायचंय? मग हे करा

लातूरपासून तेहरान किती लांब, असले प्रश्न विचारायचे नाहीत. रिचार्ज आहे ना? बस झालं.

पहाटे चारला उठा. व्हिडिओ आला की बघत बसू नका, आधी फॉरवर्ड करा.

व्हिडिओ कसला हवा? आमच्या दाजींनी 'सोयरे-धायरे' ग्रुपवर टाकला तसला. जून 2025. अमेरिकेनं 22 तारखेला इराणच्या फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, आणि दाजींच्या अंगात आलं. आठ सेकंदांचा व्हिडिओ: इराणलगतच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तेलाचं जहाज धडधड जळतंय. जहाजावरचं नाव ना इंग्रजी ना अरबी, नुसत्या किडामुंग्या. डेकवरचा माणूस पळता पळता कठड्यातून आरपार जातो. खाली दाजींची भर: 'उद्यापासून डिझेल बंद, सगळ्यांना कळवा.' दाजी, हे एआयनं बनवलंय म्हटलं, तर उत्तर आलं, 'तुम्हा शिकलेल्यांना काहीच खरं वाटत नाही.'

आर्द्रा लागलेली, सोयाबीनचं बी घरात येऊन पडलेलं. सकाळी सातला पंपावर गेलो तर रांग पार ओढ्याच्या पुलापर्यंत. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकली. एकाच्या हातात तर घागर! तीन तासांनी नंबर लागला. पंपावरचा पोरगा म्हणतो, कॅनमध्ये देत नाही, ट्रॅक्टर घेऊन या. अरे बाबा, ट्रॅक्टर आणायला डिझेल कुठून आणू? घरी जाऊन शेजाऱ्याचं दोन लिटर उसनं घेतलं, परत आलो, तर 'स्टॉक संपला' असा पुठ्ठा टांगलेला. जगाच्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तेव्हा होर्मुझमधून जायचा हे खरंय. पण त्या जूनमध्ये होर्मुझ काही बंद पडलं नाही. बंद पडला तो आमचा पंप.

दुसऱ्यांच्या देशात फौजा घुसवायचा सल्ला बिनधास्त द्या. पुरावा मागणारा देशद्रोही. 5 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत एवढीशी कुपी हातात धरून, इराककडे संहारक अस्त्रं आहेत म्हणून सांगितलं, महिना-दीड महिन्यात इराकवर फौजा गेल्या, आणि ती संहारक अस्त्रं काही सापडली नाहीत. तेव्हा बिचाऱ्यांना कुपी तरी लागली. आता मोबाईल पुरतो.

घरातल्या म्हाताऱ्यांना बोलू देऊ नका. आमची आजी 1948 च्या निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनचा विषय निघाला की कडब्याच्या गंजीत लेकरू छातीशी धरून बसल्याचं सांगायची. जिंकल्याचं कधी सांगितलं नाही.

आणि यंत्रानं दाखवलं ते ब्रह्मवाक्य समजा. 26 सप्टेंबर 1983 ला सोव्हिएत रशियाच्या संगणकानं दाखवलं, अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं निघालीत. ड्युटीवर होते लेफ्टनंट कर्नल पेत्रोव्ह. पाचच कशी, अशी शंका आली आणि त्यांनी वर कळवलं, यंत्र चुकतंय. चुकतच होतं, ढगांवरचं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं होतं. त्या खुर्चीत दाजी असते तर?

हसू नका. त्या खुर्चीतच यंत्र बसवायच्या गोष्टी चालल्यात आता, निशाणा कुणावर धरायचा तेही त्यालाच विचारतात, आणि आपल्याला आठ सेकंद थांबून कठडा बघवत नाही? लाज वाटू द्या जरा! माझी पेरणी पाच दिवस लांबली दाजी, ओल गेली, दुबार बी घ्यावं लागलं. वर तुम्ही विचारता, 'माझं काय चुकलं?' अहो, आधी तो व्हिडिओ तर डिलीट करा. अजून तिथंच आहे. काल कुणीतरी त्याला हात जोडलेत.