२१ दिवसांत चांगले जंतू ‘कायमचे’? हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंच्या, कॅप्सूलचा २१ दिवसांचा कोर्स एकदाच करा, ते जंतू आतड्यात कायमचे राहतात. कॅप्सूलमध्ये जितके जास्त कोटी जंतू, तितका गुण. सकाळी अनशापोटी गरम पाण्याबरोबर घ्या. अँटिबायोटिक झालं असेल तर कोर्स हवाच. साइड इफेक्ट नाही, कुणालाही चालतो. परळला केमोसाठी येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांपर्यंतही तो पोचलाय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

मुळात ‘कायमचे’ हेच खरं नाही. बहुतेक प्रोबायोटिक जंतू, घेणं थांबवलं की काही दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत शौचावाटे निघून जातात. कॅप्सूल खोटी असते म्हणून नव्हे, तर आतडं रिकामं नसतं म्हणून. २०१६ साली झालेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळ्या खोल्या भरलेल्या चाळीत नवं बिऱ्हाड शिरायला बघतं, तशी ही गत आहे. आधीच्यांनी अस्तरावरच्या चिकट थरात जागा धरलेली असते, येणारं अन्न वाटून घेतलेलं असतं, आणि परक्या जंतूला मारणारी रसायनंही त्यातले काही सोडत असतात.

ही आशा शंभर वर्षांपूर्वीची आहे. १९०८ चे नोबेल मानकरी मेचनिकॉफ यांना वाटायचं की बल्गेरियन दह्यातले जंतू आतड्यात वाढवले तर म्हातारपण लांबेल. पुढे तपासलं तेव्हा दिसलं की तो जंतू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही.

मग कुणाच्याच आतड्यात राहत नाहीत का? राहतात, काहींच्या. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये निरोगी माणसांना ११ प्रकारचे जंतू दिले आणि दुर्बिणीने थेट आतड्याच्या अस्तरावरून नमुने घेतले. काहींच्या अस्तरावर ते टिकले, काहींच्या आतड्याने त्यांना थाराच दिला नाही. विशेष म्हणजे शौचाच्या तपासणीवरून हा फरक कळत नव्हता. ‘स्टूल रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणजे ते बसले’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. वाटेने जाणारेही तिथे दिसतात.

दुसरा एक अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या जंतूचा एक वाण, म्हणजे पोटप्रकार, निरोगी प्रौढांना दोन आठवडे दिला. सुमारे ३० टक्के लोकांत तो सहा महिन्यांनंतरही सापडला. कोणाच्यात? ज्यांच्या आतड्यात ही जात आधी कमी होती आणि काही विशिष्ट शर्करा पचवणारे जीवाणूही कमी होते. म्हणजे जिथे जागा होती आणि अन्न शिल्लक होतं, तिथे पाहुणा राहिला. कॅप्सूलच्या किमतीवर ते ठरलं नाही.

ओडिशातली चाचणीही याच नजरेने बघायला हवी. तिथे साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम हा जंतू आणि त्याचं अन्न असलेली फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड ही शर्करा फक्त सात दिवस दिली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: जंतुदोष आणि मृत्यू मिळून प्रमाण ४० टक्क्यांनी घटलं. पण नवजात बाळाच्या आतड्यात वस्ती नुकती भरू लागलेली असते. पन्नाशीच्या माणसाने त्यावरून स्वतःचा अंदाज बांधू नये.

आणि फायद्यासाठी राहावंच लागतं, हेही खरं नाही. दह्यातले जंतू जाता जाता दुधातली साखर फोडतात, म्हणून दूध न पचणाऱ्या कितीतरी जणांना दही पचतं. जुलाबात देतात ते सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट थांबवल्यावर काही दिवसांत निघून जातं, तरी त्याचं काम झालेलं असतं.

जास्त कोटींचं म्हणाल, तर ५,००० कोटींची कॅप्सूलसुद्धा आतल्या वस्तीच्या साडेसातशेव्या भागाहून लहान भरते. आकड्यापेक्षा खोक्याची मागची बाजू बघा. जंतूचं दुहेरी नाव असतं, त्यापुढे अक्षरं-आकडे असतात. तो त्याचा वाण. चाचण्या वाणावर होतात, त्यामुळे वाण लिहिलेला नसेल तर त्या कॅप्सूलचा कुठल्याही अभ्यासाशी संबंध जोडता येत नाही. दिलेली संख्या पॅकिंगच्या वेळची आहे की एक्सपायरीपर्यंतची, हेही वाचा. वाळवलेल्या जंतूंना ओल सोसत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात गॅसच्या ओट्यावर उघडी पडलेली बाटली महिन्याभरात काय उरवेल, याचा विचार करा.

गरम पाणी तर नकोच. कढत पाण्यात बहुतेक लॅक्टोबॅसिलस मरतात. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम जठरात जेवणासोबत किंवा अर्धा तास आधी दिलेले जंतू जेवणानंतर दिलेल्यांपेक्षा जास्त जगले, आणि अन्नात थोडी स्निग्धता असली तर आणखी. बीजाणू, म्हणजे कडक कवचाचं सुप्त रूप, करणाऱ्या बॅसिलस जंतूंना मात्र जठरातल्या आम्लाने फारसा फरक पडत नाही.

अँटिबायोटिकनंतर कोर्स ‘हवाच’? वाइझमनच्याच दुसऱ्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांची मूळ वस्ती परतायला काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला काही वाण उपयोगी पडतात, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर घ्या. आपल्या मनाने नको.

आतल्या जंतूंना खरंच बळ द्यायचं असेल तर त्यांचं अन्न आपल्या ताटात आहे. कांदा-लसूण, मटकी-वालाची उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, गार झालेला भात. यातला न पचणारा भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. सोबत रोज ताक किंवा दही. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या लहानशा अभ्यासात दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली. मात्र पोट फुगण्याची तक्रार असेल तर उसळ आणि कांदा हळूहळू वाढवा.

राहिला सगळ्यांत घातक मुद्दा: ‘कुणालाही चालतो’. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र आजाराच्या रुग्णांना नळीतून प्रोबायोटिक दिलं, तेव्हा त्यांच्यातले १६ टक्के दगावले. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यातले ६ टक्के. हे २००८ चे निष्कर्ष. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका अर्भकाच्या मृत्यूनंतर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ही उत्पादनं देण्याबद्दल डॉक्टरांना सावध केलं. प्रतिकारशक्ती खालावलेली असली की हेच जंतू रक्तात शिरू शकतात. घरात कुणाची केमो चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल, गळ्यात किंवा छातीत सलाइनची कायमची नळी असेल, तर कॅप्सूल, आणि घरी विरजलेलं दहीसुद्धा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.